काटक, चिवट, निबर

वर्गात एका इंग्रजी उताऱ्यातील ‘वायरी’ या विशेषणापाशी आम्ही अडलो. एका विद्यार्थ्याने ‘तारेसारखा’ असे भाषांतर केले. ते चूक म्हणवेना आणि मराठीही वाटेना. कृश पण बळकट देहासाठी इंग्रजीने ‘वायरी’ तारेवरून घडविला. मराठीने तार घेतली नाही, दोर घेतला. ‘पिळदार’ देहातला पीळ दोराचाच. सुंभ जळाला तरी न जाणारा.

इंग्रजी ‘टफ’ मांसालाही चालतो आणि माणसालाही. आपले स्वयंपाकघर अधिक चोखंदळ: मटण वातड, भाकरी चामट, भेंडी निबर, कोंबडी जून. यांपैकी ‘निबर’ कातडीला आणि मनालाही लागतो. पण ‘वातड’ म्हणून कोणी कोणाची स्तुती करणार नाही. ‘चिवट’ मात्र माणसालाही शोभतो आणि दुखण्यालाही.

१८५३च्या तहाने निजामाने धाराशिव-नळदुर्गचा मुलूख कंपनीच्या हवाली केला. तो १८६०मध्ये परत गेला. मधल्या काळात, १८५७पर्यंत, येथील कारभार मेडोज टेलर यांच्याकडे होता. तुळजापूरशी निगडित ‘तारा’ ही त्यांची इंग्रजी कादंबरी १८६३ची. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची. म्हणजे एकीकडे या मातीतली माणसे इंग्रजीत उतरत होती आणि दुसरीकडे तिची भाषा. माणसे उतरविणारा हात मात्र सारा वसूल करणाराही होता, हे वाङ्मयाच्या इतिहासात सहसा नोंदले जात नाही. असो.

या जिल्ह्याने ‘काटक’ हा शब्द विशेष वापरला. येथली उस्मानाबादी शेळी, बहुधा काळीभोर, मांसासाठी नावाजलेली, कमी पावसाच्या मुलखात टिकणारी. तिच्याविषयी लिहिताना ‘काटक’ हे विशेषण हटकून येते. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यात सरकारी कामांवर खडी फोडणाऱ्या स्त्रीपुरुषांनाही तेच लावले गेले. आम्हांला ही स्तुती खटकते. पिळदार देहामागे तालीम असते, खुराक असतो. काटक देहामागे बहुधा खुराकाचा अभाव. शब्द कौतुक करतो आणि पोट झाकून ठेवतो. शेळीला त्याचे काही वाटत नसेल.

त्या दिवशी तास संपत आला म्हणून आम्ही फळ्यावर ‘काटक’ लिहून मोकळे झालो. उताऱ्यातला माणूस मुष्टियोद्धा होता, रोज मांस खाणारा.