पॅलेस्टाईन
‘पॅलेस्टाईन’ हे नाव मुळात किनारपट्टीचे. इसवी सनापूर्वी बाराव्या शतकातील इजिप्तच्या शिलालेखांत ‘पेलेसेट’ लोक येतात. गाझा, अश्कलोन परिसराला हिब्रूत ‘पलेशेत’ म्हणत. हिरोडोटसच्या ग्रंथात त्याचे ग्रीक रूप भेटते. ज्यूंचे बंड १३५ च्या सुमारास मोडून काढल्यावर रोमनांनी ‘ज्युडिया’ हे प्रांतनाम पुसून ‘सीरिया पॅलेस्टिना’ केले. अरबीत त्याचे ‘फलस्तीन’ झाले. याच नावाचे अरबी वृत्तपत्र १९११ साली याफात निघाले. ज्यूंनी १९३२ मध्ये जेरुसलेमला ‘पॅलेस्टाईन पोस्ट’ काढले. या नावाशी अरब आणि ज्यू अशा दोघांच्या असलेल्या दुहेरी नात्याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे १९२७ ची ब्रिटिश अमदानीतली नाणी. त्यांवर हे नाव इंग्रजी, अरबी आणि हिब्रूत आहे. हिब्रू नावापुढे कंसात दोनच अक्षरे आहेत: ‘एरेत्झ इस्रायल’, म्हणजे इस्रायलची भूमी, याची आद्याक्षरे.