जातें, एलायझा आणि माजघर

पहाटे दोन घटका रात्र उरली असतां अकोला-अमरावतीकडील खेड्यांत एके काळीं घरोघर जातीं फिरूं लागत. वऱ्हाडचें अन्न ज्वारीचें. दळण झाल्यावांचून भाकर नाहीं. १८५३ सालीं हा मुलूख निजामाकडून इंग्रजांकडे गेला, पुढें आगगाडी आली, सरकी काढण्याचे जीन उभे राहिले. तरी दळणाचा भार बायकांच्या दंडांवरच होता. पिठाच्या गिरण्या झाल्या तेव्हां कोठें तो उतरला.

पण जात्यावर केवळ धान्यच दळलें जात नव्हतें. सासुरवाशीण त्या दगडाला देव म्हणे, सखा म्हणे, आणि दिवसभर ओठांत दाबून ठेवलेलें सारें त्याला सांगे: माहेरची ओढ, न आलेला भाऊ, नवऱ्याचा ताठा. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनीं महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. दगड मुका होता. घर मात्र बहिरें नव्हतें. खुंट्याला दुसरा हात पुष्कळदां जावेचा किंवा सासूचाच असे, आणि ओसरीवर पुरुष जागे असत. ‘लेकी बोले सुने लागे’ याच्या उलट चालीनें, दगडाला सांगितलेलें जिथें पोंचावयाचें तिथें बरोबर पोंचे. त्यानें दुःख मिटे असें नाहीं. दंड भरून येत, तेंही विसरतां कामा नये. जात्याचे गोडवे बहुधा तें कधीं न ओढलेल्यांनींच गाइले आहेत!

१९६६ सालीं अमेरिकेंत जोसेफ वायझेनबाउम या प्राध्यापकानें, मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षण संस्थेंत, एलायझा नांवाच्या संगणकीय संभाषणाची हकीकत प्रसिद्ध केली. नांव शॉच्या नाटकांतील फुलवालीवरून घेतलेलें. तीच मराठींत १९७५ सालीं पु. ल. देशपांड्यांची फुलराणी झाली. तिची युक्ति अगदीं साधी होती. बोलणाऱ्याच्या वाक्यांतला एखादा शब्द उचलावयाचा आणि त्याचाच प्रश्न करून परत द्यावयाचा. कोणी आईचें नांव काढलें, कीं ‘घरच्यांविषयीं आणखी सांगा’. समजत कांहींच नव्हतें. तरी वायझेनबाउमच्या चिटणीस बाई, हें यंत्र महिनोन्महिने घडतांना पाहिलेल्या, थोडें बोलतांच त्याला म्हणाल्या, ‘आपण जरा खोलीबाहेर जाल का?’ तो थक्क झाला, आणि १९७६ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें हा प्रसंग नमूद करून ठेवला.

साऱ्या इतिहासाचें मर्म त्या एका विनंतींत आहे. जात्यापाशीं बसलेल्या बाईनें कोणाला बाहेर घालविलें नव्हतें.

पुढील यंत्रें पुष्कळच चतुर झालीं. २०१७ सालीं सोबत करण्याकरितांच रेप्लिका निघाली. २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी आलें. २०२५ च्या ऑगस्टांत त्याची एक जुनी आवृत्ति काढून घेतांच लोकांनीं इतका आक्रोश केला कीं कांहीं दिवसांतच, पैसे भरणाऱ्यांपुरती कां होईना, ती परत द्यावी लागली. मराठी बोलणारा यांत्रिक मदतनीस तर गूगलनें २०१८ सालींच फोनांत आणून ठेवला होता.

वऱ्हाडांतलीं मुलें आज नोकरीपायीं पुण्याला असतात. घरीं दोन म्हातारीं माणसें उरतात. उत्तर देणारा, न कंटाळणारा, कधीं उलट न बोलणारा श्रोता तिथें हवासा वाटला तर नवल नाहीं, आणि एकट्या माणसाला त्याचा आधार होतो हेंही खोटें नव्हे. परंतु सुनेनें त्याच्यापाशीं काढलेली कुरकुर सासूच्या कानीं जात नाहीं. मुलगा रात्रीं त्याला जें सांगतो तें शेजारच्या खोलींतील बापाला कळत नाहीं. रुसवा धरावयाला, धरून तो काढावयाला, समोर माणूसच नाहीं. आणि यंत्र तर बहुधा बोलणाऱ्याचीच बाजू घेतें.

जातीं आतां अडगळींत पडलीं. लग्नाच्या हळदीला मात्र तें बाहेर काढतात, धुतात, त्याला आंब्याचीं पानें बांधतात. पांच सवाष्णी एकाच खुंट्याला हात लावतात, आणि त्यांतली एखादी म्हातारी विसरत चाललेली ओवी मोठ्यानें म्हणूं लागते.