मोराची पिल्लं : रोमच्या खुराड्यापासून आपल्या बांधापर्यंत



पावसाळ्यात खुरपणी-कोळपणी चालू असताना बांधाच्या कडेला, झुडपाखाली किंवा उंच गवतात लांडोरीची अंडी दिसतात. मग कुणीतरी विचारतंच, "साहेब, घरी खुडूक कोंबडी आहे. तिच्याखाली ही अंडी ठेवली तर पिल्लं निघतील का?"

पिल्लं निघतील. पण ती जगतील का, आणि जगली तर मोर म्हणून जगतील का, ते पाहायला हवं. हा उद्योग माणसाने दोन हजार वर्षांपूर्वीच करून पाहिला आहे. त्याची हकिगत आधी ऐका, मग ठरवा.

राजाच्या मुदपाकखान्यात

मोर मूळचा आपल्याच देशाकडचा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने पहिल्या शिलालेखात कोरून ठेवलं आहे, की पूर्वी राजवाड्याच्या स्वयंपाकासाठी रोज असंख्य प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरीण एवढेच मारतात, आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत. म्हणजे मोराला अभय देण्याचा विचार आपल्या मातीत बावीसशे वर्षांहून जुना आहे.

रोमच्या शेतकऱ्याचा धंदा

पुढे मोर पश्चिमेला गेला आणि रोममध्ये श्रीमंतांच्या ताटात पोहोचला. तिथे त्याचा धंदाच सुरू झाला. वॅरो नावाच्या लेखकाने इसवी सनापूर्वी 37 च्या सुमारास शेतीवर पुस्तक लिहिलं. मोर खाऊ घालून पोसण्यातून ऑफिडियस लुर्को नावाचा गृहस्थ वर्षाला 60,000 सेस्टर्स, म्हणजे त्या काळची मोठीच रक्कम, मिळवत होता, असं त्यात म्हटलं आहे.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी कोलुमेला या शेतीतज्ज्ञाने पिल्लं वाढवण्याची पद्धत सविस्तर लिहिली. त्याच शतकात आपल्या पैठणहून माल भडोच बंदराकडे आणि तिथून रोमकडे जात होता, एवढा तो काळ जुना.

कोलुमेलाची रीत अशी. खुडूक कोंबडीखाली लांडोरीची पाच आणि कोंबडीची चार अंडी ठेवायची. दहाव्या दिवशी कोंबडीची अंडी काढून तेवढीच ताजी ठेवायची, म्हणजे तिसाव्या दिवशी सगळी पिल्लं बरोबरच निघतात. लांडोरीचं अंडं मोठं असल्याने कोंबडीला ते नीट फिरवता येत नाही. म्हणून एका बाजूला शाईची खूण करून ते हाताने फिरवायचं. पिल्लांना सुरुवातीला सातूचं पीठ, पुढे मऊ चीज आणि पाय तोडलेले नाकतोडे द्यायचे. माणूस मोठा बारकाईचा होता, यात शंका नाही.

जे त्याला माहीत नव्हतं

मात्र या रीतीत एक धोका आहे. कोंबडीच्या आतड्यात बारीक जंत असतात आणि त्या जंतांच्या अंड्यांतून ब्लॅकहेड नावाच्या रोगाचा जंतू पसरतो. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ यांनी 1895 साली टर्की पक्ष्यांमध्ये हा जंतू ओळखला. कोंबडीला त्याचा सहसा फार त्रास होत नाही. पण ती जिथे हगते तिथली माती दूषित होते आणि बराच काळ दूषित राहते. त्याच मातीत टिपणारं मोराचं पिल्लू मलूल होतं, पिवळं हगू लागतं, त्याचं यकृत सडतं आणि ते दगावतं. म्हणजे जी कोंबडी ऊब देते, तिच्याच अंगणात रोगाची भीती. रक्ती हगवण आणि मानमोडी यांचा धोका असतो तो वेगळाच.

व्हिएन्नाचा मोर

समजा, पिल्लू जगलं. पुढची गोष्ट कोनराड लॉरेन्झ या शास्त्रज्ञाने सांगितली आहे. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नाच्या प्राणिसंग्रहालयात एका विणीतली मोराची पिल्लं थंडीने मेली. एक पांढरं पिल्लू तेवढं वाचलं. त्याला ऊब मिळावी म्हणून मोठमोठ्या कासवांच्या खोलीत ठेवलं. पिल्लू जगलं, छान मोठं झालं. पण पुढे जन्मभर ते कासवांपुढेच पिसारा फुलवत राहिलं, लांडोरीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. लहानपणी ज्याची संगत, त्यालाच पिल्लू आपली जात समजतं. कोंबड्यांत किंवा माणसांत वाढलेल्या मोराचंही असं होऊ शकतं, बरं का!

लांडोर काय करते

लांडोर जमिनीवर साधारण चार ते सहा अंडी घालते आणि सुमारे 28 दिवस बसते. पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हाच त्याचे डोळे उघडे असतात, अंगावर लव असते. थोड्याच वेळात ते आईमागे चालू लागतं. ती चोचीने वाळवी, नाकतोडे, अळ्या दाखवते आणि पिल्लं टिपायला शिकतात. घार दिसली की ती इशारा देते, पिल्लं गवतात दडतात. ही शाळा खुराड्यात भरत नाही.

कायदा आणि आपला भाग

1963 साली मोर राष्ट्रीय पक्षी झाला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे. अंडी उचलणं, घरटं विस्कटणं हीसुद्धा या कायद्यात शिकारच धरली जाते. शिक्षा 3 ते 7 वर्षे कैद, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर दंड किमान 25,000 रुपये.

आपल्या मराठवाड्यात बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात 1994 पासून नायगाव मयूर अभयारण्य आहे. आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात गौताळा अभयारण्याच्या रानातही मोर आढळतात. पण मोर अभयारण्याची हद्द पाहून अंडी घालत नाही. बांधावर घातली, तर राखण आपल्याकडे आली.

लक्षात ठेवा

1. अंडी दिसली तर हात लावू नका. भोवतालचं गवत-झुडूप चार आठवडे कापू नका.
2. त्या बाजूला कुत्री सोडू नका.
3. एकटं पिल्लू दिसलं तर मागे सरा. आई बहुधा जवळच असते.
4. पिल्लू विहिरीत पडलं किंवा जखमी असेल, तर हवेशीर खोक्यात शांत ठेवा. लगेच वनरक्षकाला किंवा वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.
5. औषध चोळलेलं बी उघड्यावर सांडू देऊ नका, मातीआड करा. विषारी आमिष तर ठेवूच नका.
6. कोंबडीखत चांगलं कुजवूनच रानात टाका.

मोर पेरलेलं बी उकरतो, ही तुमची तक्रार खरी आहे. पण तोच नाकतोडे, वाळवी आणि सापही खातो. पेरणीनंतरचे काही दिवस राखण ठेवा, हाकारा घाला, तो उठून जाईल.

रोमच्या शेतकऱ्याने पैशासाठी जे कष्ट घेतले, ते आपल्या बांधावर लांडोर फुकट करते. तिला चार आठवडे तेवढे द्या.