नॉर्मी क्वाँग : कॅनडाचा एक क्रीडावीर

कॅनडाच्या पश्चिम भागांतील लोहमार्गासाठीं हजारों चिनी मजुरांनीं डोंगर फोडले. तो मार्ग १८८५ सालीं पुरा झाला, आणि त्याच वर्षीं चिनी आगंतुकांवर दरडोई ५० डॉलरांची डोईपट्टी बसली. १९०३ सालीं ती ५०० डॉलरांवर गेली. तेवढ्यानेंहि समाधान न होऊन, १ जुलै १९२३ पासून, म्हणजे ऐन राष्ट्रीय दिनीं, चिनी लोकांस देशाचें दार जवळजवळ बंदच करणारा कायदा अमलांत आला.

हा कायदा जारी असतां, २४ ऑक्टोबर १९२९ रोजीं, कॅलगरी शहरांत एका चिनी किराणा दुकानदाराच्या घरीं एक मुलगा जन्मास आला. त्याचें नांव लिम क्वाँग यू. पुढें सारा देश त्याला नॉर्मी क्वाँग या नांवानें ओळखूं लागला.

कॅनडांतील फुटबॉल हा आपल्याकडील फुटबॉल नव्हे, हें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. तेथील चेंडू लांबट असून तो हातांत घेऊन धावतां येतें. प्रत्येक पक्षांत १२ गडी असतात. तीन प्रयत्नांत १० यार्ड पुढें सरकावें लागतें, नाहीं तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. ‘फुलबॅक’ नांवाचा गडी चेंडू पोटाशीं धरून समोरची फळी फोडीत जातो. ठेंगण्या, भरीव बांध्याच्या क्वाँगची जागा हीच होती.

१९४७ सालीं तो कायदा रद्द झाला आणि पुढच्याच वर्षीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, क्वाँग कॅलगरीच्या संघांत दाखल झाला. त्या वर्षीं या संघानें एकहि सामना न गमावतां, ओटावाच्या संघास १२-७ असें नमवून ‘ग्रे कप’ हें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. १९५१ सालीं तो एडमंटनच्या संघांत गेला. १९५४, १९५५ व १९५६ अशीं ओळीनें तीन वर्षें तोच चषक एडमंटनकडे राहिला. १९५५ सालीं क्वाँग कॅनडाचा सर्वश्रेष्ठ क्रीडापटु ठरला. १९६० सालीं त्यानें मैदान सोडलें.

वृत्तपत्रांनीं त्याला ‘चायना क्लिपर’ म्हटलें. क्लिपर म्हणजे शिडाचें वेगवान जहाज. त्या नांवांत कौतुक होतें खरें, परंतु कॅलगरीस जन्मलेल्या माणसास चीनचा म्हणून वेगळें काढण्याची खोडहि होती. पंच मात्र यार्ड मोजीत. कूळ मोजीत नसत.

२००५ सालीं क्वाँगची आल्बर्टा प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरपदीं नेमणूक झाली. तो त्या पदावर असतांनाच, २००६ सालीं, कॅनडाच्या पंतप्रधानांनीं डोईपट्टीबद्दल पार्लमेंटांत जाहीर क्षमा मागितली. २०१० सालीं तो निवृत्त झाला आणि ३ सप्टेंबर २०१६ रोजीं निधन पावला.

ज्या देशानें कायदा करून चिनी लोकांस दाराबाहेर ठेविलें, त्याच देशाच्या एका प्रांतांतील कायद्यांस राणीच्या नांवानें संमति देण्याचा अधिकार पांच वर्षें त्या चिनी दुकानदाराच्या पुत्राच्या हातीं होता.