एकोणीस बायांमुळे ओळखला गेलेला आजार

संग्रामपूर तालुक्यातल्या बचत गटांच्या बैठकीत हिशोब झाला, सह्या झाल्या, की आम्ही तब्येतीचं बोलतो. डोळे चुरचुरतात, खडा गेल्यासारखं वाटतं, सकाळी पापण्या चिकटतात, असं कोणीतरी सांगतंच. मग आपणच कारण सांगून मोकळ्या होतो. चुलीचा धूर, तुरीचा भुसा, कपाशीवरची फवारणी, उन्हाची झळ. पुष्कळदा कारण तेच असतं. पण काही जणींचं कारण बाहेर नसतं, त्यांच्याच शरीरात असतं. त्याला शोग्रेनचा आजार म्हणतात. तो जगाला कसा कळला, ते आज सांगतो.

1888 साली लंडनच्या हॅडन नावाच्या डॉक्टरांनी तोंड कोरडं पडलेल्या एका बाईची हकिकत मांडली. त्यांनी तिला जाबोरंडी नावाच्या झाडाचा अर्क दिला आणि तोंडाला ओल आली. आजही या आजारात लाळ वाढवायला पायलोकार्पिनच्या गोळ्या देतात, त्या औषधाचं मूळ याच झाडात आहे. 1903 साली जर्मनीच्या शिर्मर यांनी अश्रू मोजायची सोपी रीत काढली. टिपकागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि पाच मिनिटांत ती किती ओली झाली ते बघायचं. पाच मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर डोळा फार कोरडा. ही तपासणी अजून चालते.

पण डोळा, तोंड आणि सांधे ही तीन दुखणी एका धाग्यात बांधली ती स्वीडनच्या हेनरिक शोग्रेन यांनी. ते डोळ्यांचे डॉक्टर. त्यांच्याकडे येणाऱ्या काही बायांचे डोळे कोरडे, तोंड कोरडं आणि सांधेही दुखणारे. डॉक्टरांनी नुसते डोळे बघून थेंब दिले नाहीत, बाकीचंही विचारलं. 1933 साली त्यांनी स्टॉकहोममध्ये प्रबंध मांडला. त्यात 19 रुग्ण होते, सगळ्या बाया, आणि त्यांतल्या 13 जणींना सांधेदुखी होती. तेव्हा त्या प्रबंधाला चांगले गुण मिळाले नाहीत, आणि विद्यापीठात शिकवण्याची वाट त्यांच्यासाठी बंद झाली. 1943 साली ऑस्ट्रेलियातल्या एका डॉक्टरांनी प्रबंध इंग्रजीत आणला, तेव्हा कुठे तो जगभर वाचला गेला. पुढे आजाराला त्यांचंच नाव मिळालं. त्यांचा जन्मदिवस 23 जुलै हा आता या आजाराचा जागतिक दिवस म्हणून पाळतात.

कारण उलगडलं ते त्यानंतरच्या काळात. आपल्या शरीरात रोगाशी लढणारी राखण असते. ती चुकून आपल्याच अंगावर उलटते आणि अश्रू व लाळ तयार करणाऱ्या ग्रंथींना सूज आणते. राखणदारानंच पीक तुडवावं तसं. हा आजार झालेल्या दहांपैकी साधारण नऊ जणी बाया असतात, बहुतेक चाळिशी-पन्नाशीतल्या. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. कधी तो एकटाच येतो, कधी आमवाताच्या सोबतीनं.

आमवात म्हणजे शहरातला आजार, असंही समजू नका. 1996 साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. चार हजारांहून जास्त मोठ्या माणसांना विचारलं. शंभरांत साधारण अठरा जणांना हाडा-सांध्यांचं, स्नायूंचं दुखणं निघालं, आणि साधारण दोनशे माणसांमागे एकाला आमवात. म्हणजे आपल्यासारख्या खेड्यातही तो आहेच, विचारणारं कोणी हवं.

म्हणून बैठकीत आपण एकमेकींना विचारू या. तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ डोळे कोरडे आहेत का? कांदा चिरताना, रडतानाही पाणी येत नाही का? पाण्याच्या घोटाशिवाय भाकर घशाखाली उतरत नाही का? दात भराभर किडतात का? सकाळी बोटं आखडतात का? गालाखाली सूज राहते का? दोन-तीन गोष्टी जुळल्या तर आशाताईंशी बोला आणि दवाखान्यात डॉक्टरांना सगळ्या तक्रारी एकत्र सांगा. डोळ्यांच्या डॉक्टरांना सांधे सांगा, सांध्यांच्या डॉक्टरांना डोळे सांगा. अश्रूंची आणि रक्ताची तपासणी लागली तर बुलढाण्याला जिल्हा रुग्णालय आहे, अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

आजार मुळापासून जात नाही, पण अश्रूंसारखे थेंब आणि औषधांनी डोळे सांभाळता येतात. मात्र मेडिकलमधून मनानं थेंब आणू नका. त्यात स्टेरॉइड असलं आणि ते बरेच दिवस घातलं, तर काचबिंदू-मोतीबिंदू होऊ शकतो. डोळा लाल होऊन ठणकला, उजेड सहन होईना किंवा दिसायला कमी झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. वेचणी असली तरी.

त्या एकोणीस जणींनी आपलं दुखणं पूर्ण सांगितलं आणि एका डॉक्टरांनी ते पूर्ण ऐकलं. पुढच्या बैठकीत हिशोबाच्या वहीनंतर हे प्रश्न वाचून दाखवा.