एकच तिकीट, दोन छापे

देवनारला कागद वाया जात नाही. १९२७ पासून मुंबईचा कचरा इथे येतो, आणि त्याच्या आधाराने गोवंडीपर्यंत रद्दी-भंगाराची गोदामे उभी राहिली आहेत. जुन्या कार्यालयांच्या फायली तिथे किलोवर विकल्या जातात. माझा संग्रह या फायलींतल्या पाकिटांवर वाढला. त्यांवर अशोकस्तंभाच्या सिंहांची, खाली ‘सर्व्हिस’ लिहिलेली छोटी सरकारी तिकिटे असतात. बहुतेक संग्राहक त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पण छपाईतले फरक ओळखायला शिकायचे असेल, तर मी नवशिक्याला आधी हीच हातात देतो.

आपल्या तिकिटांची छपाई कुठून कुठे गेली, हे आधी थोडक्यात सांगतो. १८५४ सालची तिकिटे कलकत्त्याला सर्व्हे खात्याच्या कार्यालयात कॅप्टन थुइलिये यांच्या देखरेखीखाली दगडावरून छापली गेली, म्हणजे आपल्या पोथ्या ज्या शिळाछापाने (लिथोने) निघत त्याच पद्धतीने. पुढच्याच वर्षी काम लंडनच्या दे ला रू कंपनीकडे गेले आणि सत्तर वर्षे तिकडेच राहिले. सरकारी टपालासाठी साध्या तिकिटांवर ‘सर्व्हिस’ हा शब्द वरून छापायची रीत १८६६ ची. मग १९२६ मध्ये छपाई नाशिक रोडला आली. राजा पाचवा जॉर्ज तोच, चित्रही तेच. बदलला तो कागद. लंडनच्या कागदात प्रत्येक तिकिटाच्या वाट्याला ताऱ्याचे एकच जलचिन्ह येत असे, नाशिकच्या कागदात ताऱ्यांच्या रांगा आहेत. तिकीट काळ्या पाटीवर पालथे टाकून तिरप्या उजेडात धरा, बहुधा तारे दिसतात. न दिसल्यास दिव्यासमोर धरा. एका आण्याचे तिकीट लंडनचे की आपल्या नाशिकचे, याचा निकाल मागच्या बाजूवर लागतो. समोरून कितीही न्याहाळले तरी अनेकदा तो लागत नाही.

नाशिकचा हात बसत गेला. १९२९ ची हवाई टपालाची आणि १९३१ ची नवी दिल्लीच्या उद्घाटनाची तिकिटे तिथे लिथोने निघाली. १९५२ मध्ये कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ यांची मालिका फोटोग्राव्हरने छापली गेली. नाशिकच्या फोटोग्राव्हरची सुरुवात हीच. ही तिकिटे भिंगाखाली धरली की सगळ्या चित्रावर बारीक जाळी दिसते आणि अक्षरांच्या कडाही किंचित खरबरीत वाटतात. (१९४९ मधल्या एक आण्याच्या बोधिसत्त्वाची प्रतिमा उलटी छापली गेली होती, ती १९५० मध्ये सुलटी केली. तो दोष चित्राचा, छपाई-पद्धतीचा नव्हे. नवशिके हे दोन्ही एकाच रकान्यात टाकतात, तसे करू नये.)

सरकारी तिकिटांची खरी गंमत आहे १९५७ सालात. १ एप्रिलला नये पैसे आले. दोन आण्यांचे साडेबारा नये पैसे होतात, म्हणून १३ नये पैशांसारखी विचित्र किंमत तिकिटांवर चढली. त्या घाईच्या काळातल्या सर्व्हिस मालिकेत काही किमती दोन पद्धतींनी छापल्या गेल्या : काही टायपोग्राफीने, म्हणजे उठावाच्या छपाईने, आणि काही लिथोने. चित्र एक, किंमत एक, कागदात तारेही तेच. फरक शाईत आहे.

दहापट भिंग घ्या आणि ‘सर्व्हिस’ची अक्षरे पाहा. टायपोग्राफीत उठावाचा भाग कागदावर दाबला जातो, त्यामुळे शाई बाजूला सरकते आणि अक्षराच्या कडेला गडद रेघ उमटते, आत रंग थोडा फिका राहतो. कधीकधी मागच्या बाजूला दाबाच्या खुणाही जाणवतात. लिथोमध्ये असा उठावाचा दाब नसतो. शाई सपाट, एकसारखी पसरलेली दिसते आणि पाठ गुळगुळीत असते. मी नवशिक्यांना दोन तिकिटे शेजारी ठेवून देतो आणि सिंहांच्या आयाळीच्या रेघा पाहायला सांगतो. एकदा डोळा बसला की चूक होत नाही. पुढे १९५८ पासून ताऱ्यांच्या जागी अशोकस्तंभाचे जलचिन्ह आले, म्हणजे तपासायला आणखी एक खूण मिळाली. त्याच काळातल्या, भारताच्या नकाशाच्या साध्या तिकिटांवरही जलचिन्हाचा हा बदल पाहता येतो, आणि तीही स्वस्तात मिळतात.

रंगावर मात्र भिस्त ठेवू नका. ऊन, ओल, साबण, जुना डिंक यांनी छटा बदलतात, आणि छटेवरून वेगळा प्रकार जाहीर करणारे संग्रह मला पटत नाहीत. आधी कागद, मग छपाई, मग छिद्रे (दोन सेंटिमीटरमध्ये किती ते मोजायचे), आणि रंग सगळ्यांत शेवटी.

आणखी एक विनंती. सर्व्हिस तिकीट पाकिटावर असेल तर ते पाण्यात सोडवू नका. पाकिटावरच्या शिक्क्यात गाव आणि तारीख असते. तो छापा कधी वापरात होता, हे सांगणारा तोच एक भरवशाचा पुरावा. घरात सरकारी नोकरीतल्या कुणाची जुनी फाइल असेल, तर ती रद्दीत घालण्याआधी पाकिटे तेवढी बाजूला काढून ठेवा.