हिराचंद : एका नावाचा वारसा

बारामती व इंदापूर परिसरातील जैन समाजाच्या जुन्या पिढ्यांत 'चंद' ह्या पदाने संपणारी पुरुषनामे घरोघरी आढळतात. हिराचंद, माणिकचंद, मोतीचंद, रतनचंद, गुलाबचंद, फूलचंद, नेमचंद ही नावे पेढीच्या चोपड्यांत आणि मंदिरांतील दानफलकांवर पिढ्यान्‌पिढ्या लिहिली गेली. त्यांपैकी हिराचंद ह्या नावाचा मागोवा घेतला असता एक विशेष दिसून येतो. अनेक थोर पुरुषांच्या नावांत ते पहिल्या स्थानी नाही, दुसऱ्या स्थानी आहे. ते त्यांच्या पित्याचे नाव आहे.

'चंद' हा 'चंद्र' शब्दाचा बिघडलेला उच्चार असावा, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु तो यथार्थ नाही. 'चंद' हे 'चंद्र'चे प्राकृत रूप होय. 'चंदपण्णत्ति' ह्या प्राचीन अर्धमागधी ग्रंथाच्या नावातच ते आढळते. आठवे तीर्थंकर भगवान चंद्रप्रभ यांचे लांछनही चंद्रच. 'गोम्मटसार'कर्ते आचार्य नेमिचंद्र सिद्धान्तचक्रवर्ती दहाव्या शतकात होऊन गेले. त्यांच्याच नावाचे लौकिक रूप नेमचंद. 'हिरा' हा शब्द संस्कृत 'हीरक' वरून आला. रत्नाचे तेज आणि चंद्राची शीतलता एकत्र गुंफणारे हे नाव व्यापारी समाजात प्रिय झाले, यात नवल नाही.

ह्या नावाचे आपल्या भागाशी सर्वांत जवळचे नाते सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांच्यामुळे जडले. गुजरातेतून येऊन सोलापुरात स्थिरावलेल्या दिगंबर जैन घराण्यातील हे गृहस्थ सावकारी व कापसाचा व्यापार करीत. परंतु त्यांची दृष्टी पेढीपुरती मर्यादित नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी 'जैन बोधक' हे मासिक सुरू करून समाजात वाचनाची व सुधारणेची आवड निर्माण केली. सोलापूरचे हिराचंद नेमचंद वाचनालय त्यांच्याच नावाचे आहे.

त्यांचे पुत्र वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी झाला. घरचा धंदा सोडून ते रेल्वेच्या बांधकामांची कंत्राटे घेऊ लागले. १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी प्रभृतींच्या सहकार्याने सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी तिचे 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स, अशी कामे परकीय सत्तेच्या काळात त्यांनी उभी केली. इंदापूर तालुक्यात कळंबजवळ, नीरेच्या खोऱ्यात, ऊसशेती, साखर कारखाना व वसाहत उभारली गेली. तेच आजचे वालचंदनगर. ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. एवढे कर्तृत्व गाजवूनही जग त्यांना 'वालचंद हिराचंद' असेच ओळखते. दोशी हे आडनाव मागे पडले, पित्याचे नाव मात्र सदैव सोबत राहिले. गुलाबचंद, रतनचंद व लालचंद ह्या त्यांच्या बंधूंच्या नावांपुढेही तेच नाव आहे.

असेच दुसरे उदाहरण मुंबईचे. हिराचंद गुमानजी यांचे पुत्र दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी (१८५१–१९१४) यांनी मोत्यांच्या व्यापारात मिळविलेले धन विद्यार्थ्यांची वसतिगृहे व धर्मशाळा यांसाठी वेचले. मुंबईतील जैन बोर्डिंगला व हिराबाग धर्मशाळेला त्यांनी स्वतःचे नाव दिले नाही, पित्याचे दिले. त्यांच्या कन्या मगनबाई यांनी मुंबईच्या श्राविकाश्रमाद्वारे स्त्रीशिक्षणाचे कार्य केले. आजोबांच्या नावाला नातीनेही अशी शोभा आणली.

हे नाव केवळ जैनांचे नव्हे. 'भारतीय प्राचीन लिपिमाला' हा मान्यताप्राप्त ग्रंथ लिहिणारे राजस्थानचे इतिहासकार गौरीशंकर हिराचंद ओझा (१८६३–१९४७) हे ब्राह्मण होते. त्यांच्याही बाबतीत पित्याचे नाव पुत्राच्या विद्वत्तेमुळे देशभर पोहोचले.

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नाव काढणे' ह्या दोन क्रिया भिन्न आहेत. बारशाला नाव ठेवले जाते. ते काढण्याचे काम पुढच्या पिढीचे. सोलापूर, सुरत व राजस्थान येथील ह्या तीन हिराचंदांची स्मृती टिकली, त्यात त्यांच्या मुलांच्या कर्तृत्वाचा वाटा फार मोठा आहे.

आज पाळण्यात हिराचंद हे नाव क्वचितच ऐकू येते. नवी पिढी नवी, सुटसुटीत नावे निवडते. काळानुसार ते घडणारच. तथापि मधले नाव पित्याचे लिहिण्याची आपली रीत अद्याप टिकून आहे. २०२३ च्या जुलैत चंद्रयान-३ घेऊन गेलेल्या अग्निबाणाच्या बूस्टरचे काही भाग वालचंदनगरच्या कारखान्यात घडले होते. ज्या नावात चंद्र होता, त्या नावाच्या गावाने चंद्राच्या प्रवासाला हातभार लावला. स्वतःच्या नावापुढे पित्याचे नाव लिहिताना प्रत्येक तरुणाने ही परंपरा स्मरावी. ते नाव पुढच्या पिढीपर्यंत उजळ पोहोचविणे, हीच पूर्वजांना खरी आदरांजली ठरेल.